पाठीवरचा चिमटा

अंजूर गावातल्या आईबापांचा एक समज होता. मूल केसरीनाथच्या रिक्षात बसवलं की ते थेट भिवंडीच्या शाळेच्या फाटकाशी उतरणार, मधल्या रस्त्याची काळजी आपल्याला नको. समज खोटाही नव्हता. बावीस वर्षांत त्यांची रिक्षा कुणाच्या सायकलीलाही घासली नव्हती. जमिनीच्या एका तुकड्यावर गोडाऊन उभं राहिलं, भाडं येऊ लागलं, मुलगा भाविक तिथेच सुपरवायझर झाला. रिक्षा चालवायची गरज उरली नाही. तरी सकाळी साडेसहाला केसरीनाथ खाकी शर्ट चढवून सहा पोरं घेऊन निघायचे. कंटेनरच्या रस्त्यावर पोरं परक्याच्या हाती द्यायची न्हाय, असं त्यांचं म्हणणं.

त्या शर्टाच्या एका खिशात किल्ली आणि दुसऱ्यात नाक मोकळं करायच्या थेंबांची बाटली. तरुणपणी दहा वर्षं कापडाच्या लूमवर काढली, तेव्हापासून नाक चोंदलेलं. पुढे रस्त्याची धूळ होतीच. मेडिकलवाल्याने कधीतरी ही बाटली दिली आणि पहिल्याच थेंबाला नाक असं सुटलं की केसरीनाथांनी ती कायमची खिशात ठेवली. आधी दिवसातून दोनदा, मग चारदा, आता दर दोन तासांनी. बाटली संपत आली की त्यांचा जीव कासावीस व्हायचा. झोपायचे तोंड उघडं टाकून, उठायचे कोरड्या घशाने आणि ठणकत्या डोक्याने. जेवतानाही डुलकी लागायची. घोरणं तर असं की त्यांची बायको, जिला सगळं गाव आक्का म्हणतं, कधीच स्वयंपाकघरात झोपायला गेली होती. "गावातले लूम बंद पडले," ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, "माझ्या घरातला एक रातपाळीला चालूच हाय."

सून क्षितिजा बी.कॉम. झालेली. लग्नाला नऊ वर्षं, मुलगी पूर्वी आठ वर्षांची. क्षितिजाही या थट्टेत हसायची. घोरणारा माणूस म्हणजे गाढ झोपलेला माणूस, यात शंका घेण्यासारखं तिला कधी काही दिसलं नव्हतं.

घराण्यात एक खेळ होता. लग्नकार्यात दुपारची जेवणं झाली की पुरुषमाणसं मांडवातच आडवी व्हायची. केसरीनाथ घोरू लागले की पुतणे भोवती जमायचे. घोरता घोरता ते मध्येच एकदम गप्प होत. मग सगळ्यांनी मिळून आकडे मोजायचे. मोठा आचका देऊन घोरणं पुन्हा सुरू झालं की टाळ्या. कितीवर सुटेल हे ज्याने आधी बरोबर सांगितलं, त्याला रात्री पापलेटचा तुकडा जास्त. एका लग्नात तो तुकडा क्षितिजाने जिंकला होता.

यंदा पुतण्या सागरच्या हळदीला तेच झालं. नवरदेव सागर स्वतः फोनवर व्हिडिओ काढत होता. केसरीनाथ गप्प झाले, मोजणी सुरू झाली. वीस झाले, पंचवीस झाले. आज विक्रम होणार म्हणून पोरं ओरडू लागली. क्षितिजा हातात हळदीचं ताट घेऊन कडेला उभी होती. तीस, एकतीस. तेवढ्यात पूर्वी गर्दीतून पुढे घुसली, आजोबांजवळ बसली आणि त्यांच्या पाठीला तिने करकचून चिमटा काढला. चौतिसाव्या आकड्याला केसरीनाथांनी आचका दिला. खेळ मोडला म्हणून पोरं पूर्वीवर चिडली.

क्षितिजाने तिला बाजूला घेतलं. आजोबांना असं का केलंस, एवढंच विचारलं.

"रिक्षात पण असंच करते," पूर्वी म्हणाली. "मी त्यांच्या मागेच बसते ना. त्यांची मान खाली गेली की चिमटा काढायचा. ते आमचं सीक्रेट आहे."

"कधीपासून?"

"दुसरीत होते तेव्हापासून."

पूर्वी आता तिसरी संपवत होती.

ताट कुठे ठेवलं ते क्षितिजाला नंतर आठवलं नाही. बँड आला, हळद लागली, बायकांनी तिला नाचायला ओढलं आणि ती नाचलीही. डोळ्यांसमोर मात्र रस्ता होता, त्यावरचे चाळीस फुटी कंटेनर, आणि सहा पोरांची ती रिक्षा आठ वर्षांच्या दोन बोटांवर चाललेली. रोज सकाळी तिनेच पोरीला त्या जागेवर बसवलं होतं आणि हात हलवून निरोप दिला होता.

लग्न पार पडल्यावर तिने भाविकला सांगितलं. बाबा झोपेतसुद्धा रिक्षा नीट चालवतील, असं तो सवयीने बोलून गेला. मग आपण काय बोललो ते त्याचं त्यालाच कळलं.

सोमवारी साडेसहाला केसरीनाथ ओट्यावर आले, तर किल्ली क्षितिजाच्या मुठीत.

"किल्ली दे गो. पोरं थांबली हायत."

"बाबा, पूर्वी तुम्हाला चिमटे काढते?"

केसरीनाथांनी खिशातून बाटली काढली, मान मागे टाकली, एकेका नाकपुडीत थेंब सोडले.

"दोनदाच," ते म्हणाले.

"आजपर्यंत दोनदा?"

"रोज सकाळच्याला दोनदा."

त्या दिवशी पोरं भाविकने नेली. दुपारी तो आणि क्षितिजा केसरीनाथांना भिवंडीत कान-नाक-घशाच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेले. बाईंनी नळी घालून नाक तपासलं, मग टेबलावर ठेवलेली बाटली उचलली आणि ही किती दिवस वापरता म्हणून विचारलं. अकरा वर्षं, असं केसरीनाथांनी अभिमानाने सांगितलं. बाईंनी बाटली खाली ठेवली. हे औषध चार-पाच दिवसांसाठी असतं, त्या म्हणाल्या. पुढे त्याचा असर उतरला की नाक आतून पहिल्यापेक्षा जास्त सुजतं, म्हणून माणूस पुन्हा थेंब घालतो. तुमचं नाक आता धुळीपेक्षा या बाटलीनेच बंद होतंय.

केसरीनाथ बाटलीकडे असे बघत राहिले, जणू घरातलंच कुणी चोर निघालं.

मग बाईंनी झोपेचं विचारलं. क्षितिजाने सागरचा व्हिडिओ लावला. घरच्या ग्रुपवर त्याच्याखाली हसऱ्या तोंडांची रांग लागली होती. त्या छोट्याशा खोलीत हशा घुमला, आकडे घुमले. एकोणतीस, तीस. बाई हसल्या नाहीत. चौतीसला त्यांनी फोन हातात घेतला, मागे नेऊन पुन्हा पाहिला आणि सांगितलं, इथे घोरणं थांबलेलं नाही, श्वास थांबलाय. असं रात्रभर होत असणार, म्हणूनच दिवसा झोप आवरत नाही. दोष नुसत्या नाकाचा नाही, झोपेत घसाही मिटतो. तपासणी करू, पण तोवर रिक्षा बंद.

केसरीनाथांनी स्वतःला झोपलेलं आजवर पाहिलंच नव्हतं. त्यांनी फोन मागून घेतला आणि शेवटपर्यंत पाहिलं.

"डोळा लागतो ते मना ठाव होतं," ते क्षितिजाला म्हणाले. "श्वास थांबतो ते कुनी सांगितलं? तुम्ही तर टाळ्या वाजवीत होते."

क्षितिजाला पापलेटचा तो तुकडा आठवला.

घरी झोपेत यंत्र लावून तपासणी झाली. तासाला एकेचाळीस वेळा श्वास अडत होता. नाकावर मास्क बसवून हवा देणारं यंत्र आलं. बाईंनी दिलेल्या दुसऱ्या फवाऱ्यावर थेंबांची सवय सुटायला दोन आठवडे गेले. त्या दिवसांत नाक दगडासारखं व्हायचं आणि केसरीनाथ चिडून अंगणात फेऱ्या घालायचे. आक्काने उरलेल्या सगळ्या बाटल्या मोरीत रिकाम्या केल्या. त्या वेळी मात्र तिने कसलाच विनोद केला नाही.

रिक्षा चालवायला दिघाशी गावचा अनंता ठेवला. पोरांच्या आईबापांना केसरीनाथांनी घरोघरी जाऊन स्वतः सांगितलं. दोघांनी पोरं काढून घेतली. एक बाई दार लावून आत गेली. केसरीनाथ सगळीकडून चालत परत आले.

पहिल्या सकाळी क्षितिजा आणि केसरीनाथ दोघंही मागे पोरांबरोबर बसले. पूर्वी आपल्या नेहमीच्या जागी, चालकाच्या बरोब्बर मागे. नाक्यावर कंटेनर आडवा आला, अनंताने ब्रेक दाबला आणि वाट बघत जरा मान खाली घातली. त्याबरोबर पूर्वीची दोन बोटं पुढे झाली.

अनंता दचकून वळला. "मी जागा हाय गो बाय."

पोरं हसली. केसरीनाथांनी पूर्वीचा हात मागे ओढून आपल्या मुठीत घेतला आणि शाळा येईपर्यंत सोडला नाही.