गाडी दुसऱ्या गिअरात होती

हे मी आजवर कुणाला बोललेलो नाही. बायकोला नाही, सख्ख्या भावाला नाही. देवळात गेलो तरी या एका गोष्टीला वळसा घालूनच बाहेर येतो — त्याला ठाऊक असेल तर असेल, आपण कशाला उकरा. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखत असतात तर याही वेळी गप्प बसलो असतो.

कर्जतला, भिसेगावात, माझं गॅरेज आहे. डोंगरात चढणाऱ्या फोर बाय फोर गाड्या घेऊन पार खालापुरापासून लोक येतात. कशासाठी? माझ्या कानासाठी. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक चालू गाडीला खालून लावायचं, मूठ कानाला टेकवायची, डोळे मिटायचे — आणि सांगायचं, कुठली बेअरिंग गेली. वर्षानुवर्षं मी सांगितलं आणि खोलल्यावर तेच निघालं. लोक कौतुकाने बघायचे आणि मी मिशीतल्या मिशीत हसायचो. गर्व होता? होता ना. निदान इथं तरी खोटं कशाला बोलू.

मग उजवा कान गेला. आधी बारीक आवाज गेले, मग जवळजवळ सगळेच. कर्जतमध्ये कुणी बघायला नको म्हणून पनवेलच्या डॉक्टरकडे गेलो. नस गेलीय, म्हणाले, परत येणार नाही. डावा कान शाबूत होता. तो लावला असता तर काय बिघडलं असतं? पण सगळ्यांनी मला कायम उजवाच लावताना पाहिलेलं. बाजू बदलली की कुणीतरी विचारणार — काय हो मिस्त्री, काय झालं? झाकली मूठ सव्वा लाखाची. मी उजवाच लावत राहिलो आणि अंदाजाने सांगत राहिलो. अनुभव दांडगा, त्यामुळे अंदाज बहुतेक वेळा बरोबर यायचे.

अशात सलीमभाई आला. त्याची स्वतःची जुनी फोर बाय फोर होती. कोंडाणे गावाच्या वरच्या अंगाला ज्या वाड्या आहेत, तिथली माणसं तो ने-आण करायचा — बाजाराला, दवाखान्यात, लग्नाकार्याला. माणूस सरळ, आणि गाडीला पोरीसारखं जपणारा.

"मिस्त्री, उताराला रेस सोडली का खालून गूंऽऽ करतंय," तो म्हणाला. "चढाला नाय करत."

आता हे नीट ऐका. अशा गाडीत गिअरबॉक्सच्या मागे आणखी एक पेटी असते, ट्रान्सफर केस. इंजिनाची ताकद ती पुढच्या आणि मागच्या चाकांना वाटून देते. ड्रायव्हरच्या हाताशी गिअरचा मोठा दांडा असतो, तिचा वेगळा, छोटा. ती पेटी आतून झिजली की रेस सोडल्यावर असाच आवाज येतो. आणि फारच झिजली तर एखाद्या उतारावर तो छोटा दांडा आपोआप निसटून मधे, म्हणजे न्यूट्रलला, येतो. मग मोठ्या दांड्याने गिअर टाकलेला असो नसो, इंजिन चाकांना धरत नाही. गाडी मोकळी सुटते.

मला शंका आली नव्हती का? आली होती. पेटीखालचा नट काढून तेल बघायचं, तेलात लोखंडाचा कीस आहे का तपासायचं — एवढंच करायचं होतं. पण चार माणसं बघत उभी होती. तेल बघणं हे बाकीच्या मिस्त्रींचं काम. मी ऐकून सांगणारा ना? स्क्रू ड्रायव्हर लावला, उजव्या कानाला टेकवला, डोळे मिटले. काही म्हणजे काही ऐकू आलं नाही. मी मान हलवली आणि म्हणालो, प्रॉपेलर शाफ्टचा क्रॉस गेलाय. क्रॉस म्हणजे चाकांकडे ताकद नेणाऱ्या शाफ्टचा सांधा; तो बदलून दिला.

चार दिवसांनी तो परत आला. आवाज तसाच होता. तो म्हणाला, बाजूला बसा, दाखवतो. मी त्याच्या डावीकडे बसलो — म्हणजे माझा मेलेला कान गाडीच्या आत, आणि चांगला कान खिडकीकडे, वाऱ्यात. उतार लागला, त्याने रेस सोडली आणि माझ्याकडे बघितलं. आलाय ना आवाज? मी म्हणालो, आलाय. टायरचा आहे तो. त्याचा चेहरा निवळला. "तुमी बोल्लात म्हंजे झालं," म्हणाला. तेव्हा तरी बोलायचं होतं. नाही बोललो.

पुढच्या आठवड्यात, दुपारी, वाडीवरून उतरताना गाडी सुटली. आत पाच माणसं होती. नुसत्या ब्रेकवर आवरेना, तेव्हा सलीमभाईने दरीचा विचार करून गाडी डोंगराच्या अंगावर घातली. म्हणून सगळे जगले. पण कडावच्या ताराबाई, लेकीकडून परत येत होत्या, त्यांची मांडी दोन ठिकाणी मोडली. भातलावणीला सगळ्यांच्या पुढे असणारी बाई. त्यानंतर त्या कधी शेतात उतरल्या नाहीत.

गाडी काढायला मलाच बोलावलं. सलीमभाई ताराबाईंना घेऊन दवाखान्यात गेलेला. माणसं भोवती उभी. मी दार उघडून आत डोकावलो. छोटा दांडा मधे होता. आणि मोठा दांडा — मोठा दांडा दुसऱ्या गिअरात होता. जशी उतारावर गाडी आणायला हवी, तशीच तो आणत होता.

आणि मी काय केलं? हात आत घातला आणि मोठा दांडाही न्यूट्रलला ओढला. ओढून न्यायची गाडी न्यूट्रल करावीच लागते, असं मनाशी म्हणालो. पण छोटा दांडा आधीच मधे होता. हात लावायची गरजच नव्हती. मग बाहेर येऊन सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "गाडी न्यूट्रलला होती."

बस, एवढंच. आमच्याकडे काही ड्रायव्हर डिझेल वाचवायला उतारावर गाडी न्यूट्रल करून सोडतात, हे शेंबड्या पोराला माहीत असतं. पुढचं लोकांनी बोलून घेतलं. गॅरेजला आल्यावर मी एकट्याने तो नट काढला. तेलात कीसच कीस. ते तेल मी स्वतःच्या हाताने ओतून टाकलं.

सलीमभाई काही दिवस सांगत फिरला — मी दुसऱ्यात होतो. कुणी ऐकेना. त्याच्या गाडीत कुणी बसेना. मग एक दिवस माझ्याकडे आला आणि बाकड्यावर बसला. "माज्याच हातून झाली असंल न्यूट्रल," म्हणाला. "तुमी थोडंच खोटं बोलनार?" मी म्हणालो, होतं असं कधी कधी. त्याने गाडी विकली. आता खालापूरकडे एका फार्महाऊसवर राखणीला असतो.

दर ईदला तो शीरखुर्म्याचा डबा घेऊन ताराबाईंच्या दारात जायचा. त्या दार उघडायच्या नाहीत. यंदा त्याने मला सोबत चला म्हणून गळ घातली — तुमच्या शब्दाला मान हाय. मी का गेलो? नाही म्हणायला कारण सुचलं नाही, इतकंच. भीती वाटत होती. तरी गेलो.

मला बघून त्यांनी ओटीवर बसायला सांगितलं. सलीमभाई खाली जमिनीवर बसला. "मावशी, माजी चूक. चार थेंब डिझेल वाचवाया गेलो नि तुमचा पाय घेतला." डिझेलचं हे कारण त्याचं नव्हतंच. माझ्या एका वाक्याने ते जन्माला आलं होतं आणि आता तो ते स्वतःचं म्हणून सांगत होता. मी शेजारी बसून होतो. तोंड उघडायला किती वेळ लागतो? ताराबाईंनी हातातली काठी भिंतीला टेकवली. मग म्हणाल्या, "उठ रं. केलं माफ." तो लहान मुलासारखा रडला. सुनेने चहा आणला, तो मी प्यायलो.

परतताना स्कूटरवर तो माझ्या मागे बसला होता. भिसेगावच्या नाक्यावर उतरला आणि माझा हात दोन्ही हातांत धरला. "तुमचे लय उपकार हायेत, मिस्त्री," म्हणाला.

मी म्हणालो, त्यात काय एवढं.