तिने परत सोडलेल्या गोगलगाई

तिची आठवण आली की अजून माझं डोकं फिरतं. स्वातंत्र्यानंतरची पहिलीच वर्षं. कलकत्त्याजवळ डमडमला आमच्या क्वार्टरमागच्या तळ्यात ती रोज सकाळी गोगलगाई वेचायची आणि बदकं पाळणाऱ्यांना विकायची. प्रत्येक गोगलगाय उलटी करून मानेपाशी निरखायची, आणि काही परत पाण्यात सोडायची. नाव मी कधी विचारलं नाही, पण हे का, ते विचारलं.

"हिच्या अंगावर पांढरे किडे आहेत, बाबू. हे असले की पायाची खाज कमी होते."

मी सरकारी प्रयोगशाळेत नोकरीला. हसलो, पण तसली एक गोगलगाय सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. मानेला चिकटलेल्या किड्याच्या पोटात त्याने गिळलेल्या तीन अळ्या होत्या. गोगलगाईतून बाहेर पडून माणसाच्या कातडीत शिरतात आणि खाज आणतात, त्याच. एकीची शेपटी अजून वळवळत होती.

साहेबांना दाखवलं. "अडाणी बाईचं ऐकून रिपोर्ट लिहिता?" म्हणाले, आणि खाजेवर उपाय म्हणून तळ्यात मोरचूद टाकायचा हुकूम काढला. गोगलगाई मेल्या. किडेही मेले.

पावसाळ्यात नाल्यातून नव्या गोगलगाई आल्या, किडे आले नाहीत. ती घाटावर बसली होती, पोटऱ्या खाजवून सोललेल्या. शिव्या घालेल असं वाटलं. घालायलाच हव्या होत्या.

"चोर परत आले, बाबू," ती म्हणाली. "पहारेकरी तुम्ही मारलेत."

साहेबांवरचा माझा राग अजून गेलेला नाही. पण ती 'तुम्ही' म्हणाली ते बरोबरच होतं. मोरचुदाचं पोतं त्या तळ्यात मीच रिकामं केलं होतं.