मद्रासवाल्या हौसाकाकू

हौसाकाकू अंगणातल्या कोंबड्यांना तमिळमध्ये शिव्या द्यायच्या. कोंबड्या अस्सल विट्याकडच्या, पण मुकाट्यानं खुराड्यात शिरायच्या. कुणी हसलं की काकू म्हणायच्या, "हसा, हसा! जलम गेला माझा मद्रासात. भांडाण त्याच भाषेत जमतंय मला."

आमच्या गावची तऱ्हाच निराळी. घरटी एक तरी माणूस गलाईला, म्हणजे जुनं सोनं वितळवून शुद्ध करायच्या धंद्याला, परमुलखात. काकू लग्न होऊन गेल्या त्या थेट चेन्नईत, नवऱ्याच्या भट्टीवर. तिथल्या गल्लीत निम्मी दुकानं आपल्याच लोकांची. नवरा वारल्यावर भट्टी मुलाकडं सोपवून त्या गावी आल्या, माझ्या शेजारी. पण गावात होतं कोण? मोठमोठे बंगले आणि दारांना कुलपं. "जत्रंपुरती उघडत्यात मेली!" काकू चिडायच्या.

ते बंगले बांधायला बिहारची पोरं आली. गिलावा, फरशी, रंग, सगळं तीच करायची. तरी पाण्याच्या टाकीवर दिसली की लोकांची कुरकुर सुरू. काकूंनी मात्र आपली पडवी त्यांना राहायला दिली. मी म्हटलं, "काकू, ओळख ना पाळख!"

"आगं, तिथं मला तरी कोण वळखत हुतं? घरमालकिणीनं खोली दिली नसती तर कुठं गेली असती मी?"

आमच्याकडं जत्रेला प्रत्येक घराचा निवद देवाला जातो. ज्याचा निवद, तो गावचा. पोरांनाही गावानं आपलं म्हणावं, हा काकूंचा ध्यास. त्या वर्षी त्यांनी पोरांकडून त्यांच्या पद्धतीचे, कणीक-गुळाचे ठेकुए करवून घेतले. ताट घेऊन काकू पुढं, पोरं अंग चोरून मागं. देवळाच्या दारात पुजारी गुरवतात्या आडवे आले. "वैनी, ह्ये आपल्यातलं न्हाई. देवाला चालायचं न्हाई."

पोरं मागं फिरली. काकूंनी एकाचं मनगट घट्ट धरलं. "आवं तात्या, मद्रासच्या देवीला माझी पुरणपोळी चालली. कुठली म्हणून कुणी इचारलं न्हाई. आपला देव काय तिच्यापरास कोत्या मनाचा हाय व्हय?"

तात्यांनी ताट घेतलं, पण तोंड वाकडं करूनच. काकू घरी येऊन निवांत चहा प्यायल्या.

गेल्या हिवाळ्यात एका सकाळी काकू उठल्याच नाहीत. मुलगा चेन्नईहून विमानानं निघाला, तिन्हीसांजेला पोचला. तिरडी उचलायची वेळ झाली आणि म्हातारे एकमेकांच्या तोंडाकडं बघायला लागले. गावात तरणी माणसं होतीच कुठं? बिहारची पोरं भिंतीशी रडत उभी होती, पण पुढं यायची त्यांची छाती होईना.

"बघताय काय रं?" गुरवतात्या ओरडले. "या, खांदा द्या!"

पोरं धावली. मला भडभडून आलं. मुलानं हळूच विचारलं, "ही कुणाची पोरं?"

मी तोंड उघडणार तोच तात्या म्हणाले, "आपल्याच गावची हायती. चल बाळा, मडकं धर."