जुन्या गाडीतली खुडूक कोंबडी

मुलानं बारामतीहून आमच्यासाठी नवी गाडी आणली. सेडान म्हणतात तिला. आत गारेगार, आवाज नाही, धूळ नाही. जुनी गाडी सासऱ्यांच्या वेळची. निमगाव केतकीहून बारामतीला जाईस्तोवर तिच्यात हाडं खिळखिळी होतात, आणि दार लावलं की सगळ्या वस्तीला कळतं. नवीचं दार इतकं हळू लागतं, की पहिल्या दिवशी मी ते तीनदा लावलं.

तरी मला जुनीच आवडते. कारण कुणाला सांगितलेलं नाही. तिला डाव्या बाजूचा आरसा नाही. म्हणून मालक विचारतात, "बघ गं, येतंय का काय?" मी खिडकीतून डोकं काढते, मागं बघते आणि म्हणते, "घ्या." उसाचा ट्रॅक्टर मागं टाकल्यावर मी "घ्या" म्हटल्याशिवाय ते गाडी डावीकडं घेत नाहीत. एरवी चारचौघांत माझ्या तोंडून शब्द फुटत नाही. नव्या गाडीत आरसे आहेत, मागचं दाखवणारा पडदा आहे, शिवाय एक बाई बोलते. ती कुठं दिसत नाही, पण वळा म्हणाली की मालक मुकाट वळतात. मला कुणी काही विचारत नाही. मी आपली पट्टा लावून बसते, पेरूच्या क्रेटसारखी.

शेडमध्ये जागा एकाच गाडीची. मुलानं जुनीला गिऱ्हाईक बघितलं. बारामतीचा माणूस गुरुवारी येतो म्हणाला. मालक नुसते हं म्हणाले.

आमची काळी कोंबडी तेव्हा नुकतीच खुडूक झाली होती, अंडी उबवायला बसू बघत होती. बुधवारी मी टोपलीत भुसा घातला, अकरा अंडी ठेवली आणि टोपली जुन्या गाडीच्या मागच्या सीटवर नेली. वर कोंबडी बसवली. एकदा बसवलेली कोंबडी आमच्यात एकवीस दिवस कुणी हलवत नाही. हलवली की अंडी वाया.

गुरुवारी त्या माणसानं इंजिन बघितलं, टायर बघितले, मागचं दार उघडलं आणि कोंबडीनं टोचलं तसा हात झटकत मागं सरला. तोही शेतकऱ्याच्याच घरचा. दार हलकेच लोटलं, चहा घेतला आणि पिल्लं निघाल्यावर येतो म्हणून गेला.

मालक चुलीपाशी आले.

"कोंबडी टोपलीसकट आत गेली व्हय?"

"गेली आसंल."

"आन् अंडी? ती बी तिनंच मोजून घेतली?"

मी पदर तोंडाला लावला.

नऊ पिल्लं निघाली. दुसऱ्याच दिवशी त्या माणसाचा फोन आला. मी भाकरी थापत होते. मालक दारात उभे राहून, माझ्याकडं न बघता त्याला म्हणाले, "न्हाय पाव्हणं, आता दुसरी बसलीया. पांढरी."

आमच्याकडं पांढरी कोंबडी नाहीच.