बायडाबाईची पुढची सीट

आकाराम डायवरनं तीस वर्षं एसटी चालवली, पण थेंबभर डिझेल कधी फुकट जाळलं नाही. ह्याचा त्याला भारी तोरा. डिझेल वाचवल्याबद्दल डेपोत दोनदा सत्कार झाला, गळ्यात हार पडला, फोटो निघाला, आणि तो फोटो मुरगूडच्या घरात बुद्धाच्या तसबिरीखाली कायमचा लागला. गाडी थांबली की इंजिन बंद, मग ते स्टँड असो नाहीतर चहाची टपरी. दुसरा कुणी उभ्या गाडीचं इंजिन चालू ठेवून पान खात बसला, की ह्याचा जीव तीळ तीळ तुटायचा.

निवृत्त होऊन वर्ष झालं आणि बायको बायडाबाईच्या दोन्ही किडन्या गेल्या. आठवड्यातनं दोनदा कोल्हापूरला डायलिसिस आलं. सुया टोचून घ्यायच्या, चार तास पडून राहायचं आणि परत पन्नास किलोमीटर धक्के खात यायचं. एसटीतनं तिचे हाल बघवेनात. मग हायस्कुलात मास्तर असलेल्या विश्वजितनं, त्यांच्या एकुलत्या एका लेकानं, एक जुनी छोटी डिझेल गाडी घेतली. टर्बोची. म्हणजे इंजिन एवढंसं, पण हायवेला पाय दाबला की नुसती सुसाट.

पहिल्या दिवशी बायडाबाई सवयीनं मागचं दार उघडायला लागली. आकाराम म्हणाला, "अगं, पुढं बस की. हितं कंडक्टर न्हाय."

ती पुढं बसली. लग्नाला छत्तीस वर्षं झालेली, नवरा जन्माचा डायवर, आणि त्याच्या शेजारी बसायची ही तिची पहिली वेळ. एसटीत ती बायकांच्या सीटवर, तो जाळीच्या पलीकडं. घरी असला तर झोपलेला, नाहीतर ड्यूटीवर. आता मात्र बाईचं तोंड बंद होईना. माहेरच्या गोष्टी, भावकीच्या कागाळ्या, कुणाची सून कशी अन् कुणाचा जावई कसा. ब्रेक जरा जोरात लागला की म्हणायची, "अवो, हळू की! मी काय उसाची मोळी हाय व्हय?" आकाराम गालातल्या गालात हसायचा. दवाखान्याला निघालोय हे दोघंही कागलपर्यंत विसरून जायचे. खरं सांगायचं तर त्यांचा संसार त्या गाडीतच सुरू झाला.

पण गाडी कुरकुरायला लागली. आधी शिट्टी वाजल्यासारखा बारीक आवाज, मग ऑइल कमी व्हायला लागलं, मग मागनं निळा धूर. चढाला ओढ म्हणून राहिली नाही. कोल्हापूरच्या उद्यमनगरात यल्लाप्पा मिस्त्रीनं बॉनेट उघडलं आणि टर्बो गेला म्हणून सांगितलं.

"मामा, गाडी पळवून आल्यावर लगीच बंद करताय न्हवं?" त्यानं विचारलं. "टर्बो आत लाल झालेला असतोय. त्येला थंड करतंय ते ऑइल. इंजिन बंद केलं की ऑइल थांबतंय आणि तितंच जळून काजळी धरतंय. दोन मिनिटं नुसतं चालू ठिवायचं, मग बंद करायचं."

"उभ्या गाडीत डिझेल जाळू?" आकाराम खवळला. "मला शिकवतोयस व्हय?"

नवा टर्बो, नवं ऑइल, फिल्टर, फाटलेला पाइप. विश्वजितचा पगार त्या महिन्यात गाडीनंच गिळला. तो तसा शांत पोरगा, पण त्या दिवशी फटकळपणे म्हणाला, "आबा, आणि एकदा असं झालं तर गाडी विकणार. आईला भाड्याच्या गाडीनं धाडीन, पण तुमच्या हातात किल्ली देणार न्हाय."

गाडी गेली तर शेजारच्या सीटवरची बायडाबाई गेली, हे आकारामला न सांगता कळलं. त्यानं मनाशी पक्कं केलं, की आता दोन मिनिटं थांबायचं. पण तीस वर्षांचा हात तो! बोलण्याच्या नादात दवाखाना यायचा, गाडी थांबायची, आणि डोक्यात विचार यायच्या आत हातानं किल्ली फिरवलेली असायची. मग तो स्वतःलाच शिव्या घालायचा. असं दहापैकी आठ वेळा तरी झालं असेल.

वर्षभरात गोकुळ शिरगावजवळ पुन्हा निळा धूर निघाला. गाडी दोरीनं ओढत यल्लाप्पाकडं आणली. शाळा अर्ध्यावर टाकून विश्वजित आला.

"आबा, थांबत हुतासा का न्हाय? खरं सांगा."

आकाराम खाली मान घालून उभा. तेवढ्यात बाकड्यावर बसलेली बायडाबाई बोलली, "त्यास्नी नको बोलू. मीच लगीच बंद करा म्हणतो. गाडी उभी राहून थरथराय लागली की मला मळमळतंय."

साफ खोटं! तिला एकदाही मळमळलं नव्हतं. आकारामनं तिच्याकडं बघितलं, तर तिनं डोळ्यानंच गप्प बसा म्हणून सांगितलं. आणि तो गप्प बसला.

विश्वजितचा राग कुठल्या कुठं गेला. "आई, आधी का न्हाई सांगितलंस?" तो म्हणाला. "इंजिनाजवळ बसतीस म्हणून हुतंय. आता मागं बसत जा. क्रांती ईल संगं. गाडी उभी राहिली की ती तुला लगीच उतरवून घील."

क्रांती म्हणजे सून, आणि सून सोन्यासारखी. तिनं खरंच आपली कामं सोडून सासूसोबत यायला सुरुवात केली. मागच्या सीटवर उशी, चादर, पाण्याची बाटली. पुढच्या सीटवर दवाखान्याची फाइल. सुनेसमोर बायडाबाईला बोलता येईना आणि आकारामला सांगता येईना. सांगितलं तर ती खोटी पडणार आणि ह्याची गाडी जाणार. आरशात तिची नुसती कपाळाची टिकली दिसायची. एकदा त्यानं ओरडून विचारलं, "बरं हाय न्हवं?" वाऱ्याच्या आवाजात तिला ऐकू गेलं नाही. क्रांतीच म्हणाली, "व्हय आबा, झोपल्यात."

हात मात्र आता सुधारला. दवाखान्याच्या दारात गाडी उभी राहायची, क्रांती सासूला हळूच धरून आत न्यायची, आणि आकाराम चालू इंजिनात एकटा बसून राहायचा.

चार महिन्यांनी बायडाबाई गेली. डायलिसिसच्या खाटेवरच गेली, क्रांतीचा हात धरून. आकाराम खाली गाडीत होता.

पुण्यानुमोदनाचा विधी झाला, पाहुणे पांगले, आणि विश्वजित गाडी विकायची भाषा करायला लागला. दोघं दारातल्या कट्ट्यावर बसलेले. आकारामला राहवेना.

"विश्वा, तुझी आई खोटं बोललीती. तिला मळमळत न्हवतं. इंजिन मीच बंद करत हुतो. हात ऐकत न्हवता माझा."

विश्वजित त्याच्याकडं वळला. "मग तवाच का न्हाई बोललासा?"

"तू गाडी काढून घेतली असतीस. मग ती माझ्याजवळ कवा बसली असती?"

"आबा, रागाच्या भरात बोललो मी. काढून घेऊन कुणाला देणार हुतो?" विश्वजित म्हणाला. "दवाखान्यापुढं गाडी चालू ठिवून दोन मिनिटं आईसंगं बोलत बसा, एवढंच म्हणलो असतो की."

आकारामनं दारात उभ्या गाडीच्या पुढच्या सीटकडं बघितलं.

"चार महिनं मागं बसली रं ती," तो म्हणाला, आणि लहान पोरासारखा हुंदके देऊन रडायला लागला.