यादीतलं चौथं नाव

गावच्या कबड्डी संघाची यादी लिहायचं काम माझ्याकडे आलं ते केवळ अक्षर चांगलं म्हणून. खेळातलं मला ओ की ठो कळत नव्हतं. इनामगावच्या अलीकडे, घोड नदीच्या काठच्या एका गावात मी प्राथमिक शाळेत शिक्षक होतो. उन्हाळ्याच्या सुट्टीत मला जायला दुसरं गाव नव्हतं, म्हणून पोरांनी मला संघाचा व्यवस्थापक करून टाकलं. व्यवस्थापकाने करायचं काय, तर प्रत्येक स्पर्धेला बारा नावांची यादी दोन प्रतींत लिहून द्यायची आणि सामना चालू असताना सगळ्यांची घड्याळं खिशात घेऊन बसायचं. मी मुळातच घाबरट. सात घड्याळं खिशात असली की त्यातलं एखादं हरवेल या धास्तीने निम्मा सामना माझा खिसा चाचपण्यातच जायचा.

ते नव्याण्णव साल होतं. मे महिन्यात कारगिलची लढाई सुरू झाली आणि आमच्या संघाचा डावा कोपरा तिकडे अडकला. डावा कोपरा म्हणजे मैदानाच्या डाव्या टोकाला उभा राहणारा गडी. चढाई करत आलेल्याचा घोटा धरायचा, हे त्याचं काम. आमच्या या गड्याने एकदा घोटा धरला की भलेभले हात टेकायचे. सैन्यात जाऊन त्याला चार वर्षं झाली होती, पण दर उन्हाळ्यात तो बरोबर स्पर्धांच्या दिवसांत सुट्टी घ्यायचा. दौंड स्टेशनला उतरायचा आणि जवळपास कुठे सामना असला तर ट्रंक घेऊन थेट मैदानावर हजर व्हायचा. घरी दुसऱ्या दिवशी. त्याची आई या गोष्टीवरून त्याला दर वर्षी शिव्या घालायची आणि दर वर्षी त्याच्यासाठी शेंगोळी करायची.

त्या वर्षी तो आला नाही. एप्रिलमध्ये एक पत्र आलं होतं, त्यानंतर काहीच नाही.

मोसमातली पहिली यादी लिहायला मी शाळेच्या ओट्यावर बसलो. तीन नावं लिहून झाली. चौथ्या जागेवर चार वर्षं त्याचंच नाव होतं, आणि बनियनवर चार आकडा. मी कप्तानाला विचारलं, "हे नाव काढून दुसरं घालू का?" कप्तान माझ्याकडे असा बघायला लागला, जसं काही मी त्याच्या थोबाडीतच मारली होती. "ऱ्हाऊ द्या गुरुजी," तो म्हणाला. बाकीच्यांनीही माना हलवल्या. त्या दिवसांत ते नाव कागदावरून काढायला कुणाचाच हात धजत नव्हता. माझाही नाही. मी नाव लिहिलं. कागदावर बारा आणि प्रत्यक्षात अकरा, असा आमचा संघ त्या उन्हाळ्यात गावोगाव फिरला. चार नंबरचा बनियन घडी घालून आम्ही सोबत न्यायचो.

चढाईत गडी बाद झाला की आमच्याकडे लोक "मेला, मेला" असं ओरडतात. त्या उन्हाळ्यात आमच्या गावची माणसं "बाद, बाद" म्हणायला लागली. कुणी ठरवून दिलं नव्हतं.

या फौजीच्या आईचं घर शाळेच्या मागेच होतं. सासऱ्याच्या काळापर्यंत घरची मेंढरं होती, पुढे त्यांनी नदीकाठी शेती केली. नवरा लवकर गेला, आणि हा एकच मुलगा. तिला वाचता येत नव्हतं. रोज दहाच्या सुमाराला ती ओट्याशी येऊन विचारायची, "पेपरात काय हाय, गुरुजी?" मी वाचून दाखवायचो आणि मेलेल्यांचे आकडे गाळायचो. गाळताना मी अडखळायचो, आणि अडखळलो की ती डोक्यावरचा पदर सारखा करायची. मला वाटायचं तिला कळत नाही. आता वाटतं, गाळलेलंच तिला जास्त कळत होतं. गावात एकच फोन, किराणा दुकानातला. तो वाजला की ती दारात यायची आणि दुकानातून कुणी आपल्याकडे निघालंय का ते बघायची. कुणी निघालं नाही की आत जायची.

जूनच्या सुरुवातीला दौंडला एका मंडळाने मोठी स्पर्धा घेतली. यादी आठ दिवस आधी द्यायची होती, ती मी दिली. मग चार दिवसांत आमच्या उजव्या कोपऱ्याचा गुडघा गेला, एकाला टायफॉइड झाला, आणि दोघांची रजा कारखान्याने नाकारली. उरले सात, आणि त्यांतला एक असा की त्याला मैदानावर उभं करण्यापेक्षा खांब उभा केलेला परवडला असता. यादी तर बंद झालेली.

कप्तान संध्याकाळी घरी आला. म्हणाला, "गुरुजी, एक पाव्हना मिळतोय." पाहुणा म्हणजे बाहेरून आणलेला खेळाडू. हा भांडगावकडचा, नोकरीला लागलेला, पंचविशीतला, अंगाने आमच्या फौजीसारखाच. "यादीत नाव हायच की रिकामं. कोन वळखतंय?"

हे चुकीचं होतं, एवढं मला कळत होतं. पण पोरं महिनाभर उन्हात राबली होती, आणि मला नाही म्हणता येत नाही हा माझा जुना रोग. मी गप्प राहिलो. कप्तानाने त्याचा अर्थ त्याला पाहिजे तो घेतला, आणि त्याने तो तसा घ्यावा अशीच माझीही इच्छा होती, हे मी आता कबूल करतो.

शनिवारी दुपारी चार वाजता पहिला सामना झाला. पाहुण्याने कमाल केली. एका चढाईत तीन गडी बाद करून तो परत आला तेव्हा कर्ण्यावरच्या माणसाला उधाणच आलं. तो आमच्या फौजीचं नाव घेऊन ओरडत होता, गावाचं नाव घेऊन ओरडत होता. "देशाचा जवान, मैदानाचा वाघ!" लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते.  नाव इतक्या मोठ्याने घेतलं जाईल हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. सामना जिंकून आम्ही दौंडलाच मुक्कामाला राहिलो.

त्या मैदानावर आमच्या शेजारच्या गावचा एक दूधवाला होता. त्याने लांबून पाहिलं, कर्ण्यावर ऐकलं, आणि रविवारी सकाळी दूध गोळा करायला आमच्या गावात गेला तेव्हा सरळ फौजीच्या आईच्या दारात जाऊन म्हणाला, "मावशे, फौजी आला की तुजा! दौंडला खेळतोय, काल निस्ता धुमाकूळ घातला." बिचाऱ्याला वाटलं, आपण आनंदाची बातमी देतोय. तिला ती खोटी वाटायचं काही कारणच नव्हतं. दर वर्षी तो असाच यायचा.

रविवारी आमचा उपांत्य सामना होता. मध्यंतराला दोन मिनिटं उरली असताना मी सहज बायकांच्या बाजूला पाहिलं. फौजीची आई तिथे उभी होती. धुवट लुगडं, हातात पितळी डबा. दोन एसट्या बदलून आली होती. ती चार नंबरकडे बघत होती. पाहुणा आमच्या डाव्या कोपऱ्यात वाकून उभा होता, पाठ तिच्याकडे. ती हसत होती. महिनाभरात मी तिला हसताना पाहिलं नव्हतं. मला उठून तिच्याकडे पळायचं होतं, पण मी घड्याळांचा खिसा धरून बसून राहिलो.

मग पाहुणा वळला.

तिने आरडाओरडा केला नाही. डबा दोन्ही हातांनी पोटाशी धरला आणि ती खाली मातीत बसली. मी डोळे मिटून घेतले.

मध्यंतराला समोरच्या संघाच्या व्यवस्थापकाने हरकत घेतली. त्यांच्यातल्या कुणाला तरी शंका आली होती. मुख्य पंच वयस्कर, शांत माणूस होते. त्यांनी मला बोलावून यादीवर बोट ठेवलं. "हा खेळाडू सैन्यात आहे म्हणतात. मग इथे कसा?"

"सुट्टीवर आलाय," मी म्हणालो. शाळेत खोटं बोलणाऱ्या पोराचा आवाज मला लगेच ओळखू येतो. तेव्हा माझा आवाज तसाच होता.

गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "आवो, त्याची आई हितंच हाय! तिलाच इचारा!" ओरडणारा आमच्याच बाजूचा होता. त्याला वाटलं, आई म्हटल्यावर प्रश्नच मिटला.

तिला मैदानात आणलं. पंचांनी हात जोडून विचारलं, "आजी, हा तुमचा मुलगा का?" पाहुणा मान खाली घालून उभा. आमची पोरं तिच्याकडे बघत होती, आणि त्यांच्या तोंडावर मला दिसलं की सगळ्यांना एकच हवं होतं. तिने फक्त एक "व्हय" म्हणावं. मलाही तेच हवं होतं. खोटं कशाला बोलू?

तिने पाहुण्याकडे नीट पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं.

"न्हाई," ती म्हणाली. "ह्यो माझा न्हाई. माझा तिकडं हाय."

आम्हाला स्पर्धेतून काढून टाकलं. कर्ण्यावरून ते जाहीरही केलं, फक्त या वेळी फौजीचं नाव घेतलं नाही, एवढी दया केली. मैदानाच्या कडेला लिंबाखाली आमची पोरं बसली. तिला कुणी काही बोललं नाही, पण तिच्याजवळ कुणी जाऊन बसलंही नाही. शेवटी तीच उठली, डबा उघडला आणि पाहुण्यासमोर ठेवला. शेंगोळी होती. "खा बाबा. तुजी काय चूक न्हाई." त्याला घास उतरेना, पण ती समोर बसून राहिली तेव्हा त्याने खाल्लं. मग तिने इतरांना दिलं. मला दिलं नाही.

परत येताना जीपमध्ये ती माझ्या शेजारीच होती. न्हावरं गाव मागे पडलं. मग म्हणाली, "नाव का घातलं, गुरुजी?"

"काढवेना, मावशी."

"मंग दुसऱ्याला कसं देववलं?"

मी जीपच्या बाहेर बघायला लागलो.  मला माझीच लाज वाटली, आणि ती लाज कुणाला सांगण्यासारखीही नव्हती.

चार दिवस ती ओट्याकडे फिरकली नाही. पेपर मी एकटाच वाचत होतो आणि आता आकडे गाळायचं काही कारण नव्हतं. दुकानातला फोन वाजला की मीच शाळेच्या दारात जायला लागलो. फौजीला काही झालं तर आमच्यामुळे झालं असं तिला वाटेल, या विचाराने मला जेवण जाईना. तो आहे की नाही हे कळायच्या आतच आम्ही त्याची जागा भरून टाकली होती.

पाचव्या दिवशी ती निळं पत्र घेऊन आली.  मी वाचलं. मी बरा आहे, थंडी फार आहे, काळजी करू नको, या वर्षी स्पर्धेला येणं जमत नाही, संघातल्या सगळ्यांना रामराम. एवढंच.  मी म्हणालो, "मावशी, बरा आहे तो! बरा आहे!"

"कवाचं हाय ह्ये?"

मी वर तारीख पाहिली. "अठरा दिवसांपूर्वीचं."

"मंजी अठरा दिसांमागं बरा हुता," ती म्हणाली. "आज?"

मी पत्राची घडी घालत राहिलो. तिने ती माझ्या हातातून घेतली आणि विचारलं, "केडगावच्या खेळाची यादी लिवली का?"

मोसमातली शेवटची स्पर्धा केडगावला होती. दौंडला जे झालं त्यानंतर जायचं की नाही याचाच वाद चालला होता, पण सवयीने मी यादी लिहून ठेवली होती. आणि सवयीने, म्हणजे कशाने ते मला माहीत नाही, चौथ्या जागेवर तेच नाव होतं. मी वही उघडली.

"त्याचं कोनतं?"

मी दाखवलं. तिने त्यावर बोट ठेवलं. 

"खोडा."

"मावशी, असं कशाला..."

"तुमी त्याला हितं लिवलाय. मानसं म्हनत्यात हितं हाय. देवानं त्याला हितं हुडकावं का तिकडं? खोडा. त्यो एकाच जागी आसू द्या."

मी पेन उघडलं. अक्षर चांगलं असलेल्या माणसाला रेघही सरळ मारता येते, असा माझा समज होता. ती रेघ वाकडीतिकडी गेली. ती शेवटपर्यंत बघत होती, आणि रेघ नावाच्या पार झाल्यावरच तिने बोट उचललं.

जुलैच्या शेवटी लढाई संपली. तो आला दिवाळी होऊन गेल्यावर, पंधरा दिवसांच्या सुट्टीवर. वाळला होता, थंडीने कानांच्या पाळ्या काळ्या पडल्या होत्या, पण हातपाय धड होते. या वेळी तो दौंडहून सरळ घरी आला. शिरूरला सामने होते, म्हणून मी वही घेऊन त्यांच्या ओसरीवर गेलो. त्याने पानं चाळली, केडगावची यादी पाहिली आणि हसायला लागला. "मला बाद केलं व्हय, गुरुजी?"

"म्या खोडाया लावलं," आई आतून म्हणाली.

त्याचं हसू थांबलं. त्याने पुन्हा ती रेघ पाहिली, पण का म्हणून विचारलं नाही. मी नवं पान काढलं आणि तिला विचारलं, "आता लिहू ना, मावशी?"

ती बाहेर आली. त्याच्याकडे पाहून म्हणाली, "किती दिसांची रजा?"

"पंधरा."

"मंग पंधरा दिस लिवा," ती मला म्हणाली.

सोळाव्या दिवशी त्याची दौंडहून संध्याकाळची गाडी होती. तो दुपारी निघणार होता. ती सकाळी आठलाच माझ्या दारात उभी होती. "खोडलं का, गुरुजी?"