देवपूरच्या गच्चीवरचा सूर्यडाग

मी धुळ्याला गेले ते कुमुदची चूक काढायला. एक्क्याण्णव सालची गोष्ट. कॉन्व्हेंटमध्ये माझ्या बाकावर बसणाऱ्या या बाईला चुंबकाचे ध्रुव मी पाठ करून दिले होते. पुढे जळगावात विज्ञान मी शिकवलं, आणि देवपूरच्या कॉलेजात सूर्यडागांच्या चित्रांचं प्रदर्शन कोणाचं? कुमुदचं!

पहाटेची एसटी धरली. एरंडोल, पारोळा, मग धुळे. तेव्हा तीन तास लागत, हाडं खिळखिळी होत. पारोळ्याची भजी गरम असतील तरच खा. पांझरेच्या पुलावरून रिक्षाने देवपूर गाठलं. सूर्य बघायचा तर दहाच्या आत पोहोचावं. नंतर गच्ची तापते आणि डागाच्या कडा थरथरतात.

गच्चीवर उडदाचे पापड वाळत होते आणि त्यांच्या मधोमध दुर्बीण. कुमुदच्या सासूबाई, अक्का, पापड उलटत म्हणाल्या, "बठ्ठं काम पडेल शे, नि हाई सूर्यना मांगे लागेल शे!" सगळी कामं टाकून सून सूर्यामागे, हे ऐकून बरं वाटलं मला.

कुमुद खाली चहा टाकायला गेली. मी तिची चित्रं चाळली. एकच डाग, रोज एक कागद. मधे काळा गाभा, भोवती बारीक रेघांची करडी झालर. कालच्या चित्रात मात्र काळ्या गाभ्यातून आरपार पांढरी रेघ. कागदाची घडी, दुसरं काय! पर्समधलं लाल पेन कधी बाहेर आलं कळलं नाही. मी फुली मारली.

कुमुद आली. फुली पाहिली. तिने दुर्बिणीमागे कोरा कागद धरला (डोळा कधी लावायचा नाही, आंधळे व्हाल) आणि त्यावर सूर्य उतरला. डागात तीच पांढरी भेग, कालच्यापेक्षा रुंद. मी कागद हलवला. भेग जागची हलली नाही.

"डागात चुंबकत्व इतकं जोरकस, की खालची उष्णता वर येऊ देत नाही, म्हणून तो काळा," ती म्हणाली. "मधे चुंबकीय रेषा उभ्या, काठाला बाहेर कलतात, त्याची ही झालर. भेगेत जोर कमी पडलाय."

"ठाऊक आहे मला!" मी म्हणाले. झालरीपुरतं ठाऊक होतं. "कालचं चित्र पुन्हा काढ ना. कोणाला कळणार?"

"कालचा सूर्य आज कुठून आणू? मला कळेल गं."

संध्याकाळी ते चित्र फुलीसकट कॉलेजच्या भिंतीवर लागलं. एका मुलीने विचारलं, "मॅडम, हे चुकलंय का?"

"नाही. तपासणारीची घाई झाली," कुमुद म्हणाली. माझं नाव घेतलं नाही. घेतलं असतं तर भांडता तरी आलं असतं.

रात्री तिच्याकडची शेवभाजी झणझणीत होती. तीही चांगली करते.

जळगावला परतल्यावर मी दुर्बीण मागवली. चार दिवस चित्रं काढली, पाचव्या दिवशी कंटाळले. कुमुदचं अजून चालू आहे. वय झालं की असूया ओसरते म्हणतात. आज सकाळीही ऊन पडलं आणि मला तिचाच राग आला.